गोल्फ स्पर्धेचा प्रिव्ह्यू आकड्यांवरून लिहायचा तर आधी काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रिकेटचे आकडे तोंडपाठ आहेत, गोल्फ अलीकडेच टीव्हीवर बघायला लागलात, मोठ्या स्पर्धेआधी ऑफिसच्या ग्रुपवर चार ओळींचा अंदाज टाकायची हौस आहे, पण पीजीए टूरच्या (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिका) साइटवर गेलं की रकानेच रकाने. त्यातलं नेमकं उचलायचं काय? मी चेंबूरला राहतो, बरावाईट खेळतो आणि आमच्या ग्रुपसाठी हाच उद्योग करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खेळाडूंच्या यादीपासून सुरुवात करू नका. आधी कोर्स बघा आणि एकच गोष्ट शोधा: इथे कुठली चूक महाग पडते? ते कळलं की शंभर रकान्यांतले तीन-चारच कामाचे उरतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. रोरी मॅकिलरॉय येणार म्हटल्यावर सगळीकडे त्याच्याच नावाचा गजर. लांब मारण्यात त्याचा हात धरणारे जगात मोजकेच. पण हा कोर्स सात हजार यार्डांहूनही आखूड, फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) अरुंद आणि दोन्ही अंगांना दाट झुडपं. बॉल आत शिरला की तो नुसता बाहेर काढण्यातच एक फटका खर्ची पडतो. रोरीने तिथे ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारी काठी) वापरायचाच नाही असं ठरवलं. म्हणजे ज्या आकड्याचा दरारा, तोच त्या आठवड्यापुरता बाद! जिंकला टॉमी फ्लीटवुड, २२ अंडर (पार म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा २२ कमी) मारून. सरळ मारणारा, आयर्नचा, म्हणजे होलकडे अचूक मारायच्या काठ्यांचा, पक्का माणूस. फ्लीटवुडच जिंकेल असं आधी कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं, पण ‘ड्रायव्हिंग डिस्टन्स’चा रकाना इथे बघू नका, एवढं कोर्सच्या नकाशावरूनच सांगता आलं असतं. प्रिव्ह्यूचं निम्मं काम तिथेच होतं.

आता खेळाडूंकडे. जुने रकाने सोडून द्या. ‘राउंडमागे पट किती’ (राउंड म्हणजे १८ होल, पट म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत ग्रीनवर बॉल घरंगळवणारा फटका) हा आकडा तर सरळसरळ दिशाभूल करतो. जो ग्रीन चुकवतो आणि मग चिप (ग्रीनबाहेरून मारलेला छोटा फटका) होलपासून दोन फुटांवर टाकतो, त्याला एकच पट लागतो आणि कागदावर तो थोर पटर दिसतो. जो दुसऱ्या फटक्यातच ग्रीनवर पोचतो पण चाळीस फूट लांब असतो, त्याला दोन लागतात. यात पटिंग कुणाचं चांगलं, हे कळतच नाही.

त्यापेक्षा ‘स्ट्रोक्स गेन्ड’ बघा. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रोडी यांनी ही पद्धत विकसित केली आणि २०११ पासून पीजीए टूरने पटिंगपुरती ती अधिकृत केली. बाकीचे भाग पुढे आले. हिशेब सोपा आहे. आठ फुटांवरून टूरचा सरासरी खेळाडू साधारण निम्म्या वेळा बॉल होलमध्ये घालतो, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. तुम्ही एकात घातला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. ३३ फुटांवरून सरासरी दोन लागतात. तिथून एकात गेला तर अख्खा एक फटका खिशात. टीपासून (पहिला फटका मारायची जागा) होलपर्यंत प्रत्येक फटक्याचं असंच जमा-खर्चाचं खातं निघतं. टी शॉट, अ‍ॅप्रोच म्हणजे ग्रीनकडे मारलेला फटका, ग्रीनच्या आसपासची चिप-बंकर आणि पटिंग असे त्याचे चार भाग. रफची (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवताची) किंमतही यातूनच कळते: १६० यार्डांवर बॉल फेअरवेत असेल तर होल संपवायला सरासरी तीनाला जेमतेम कमी फटके लागतात, रफमध्ये असेल तर साधारण पाव फटका जास्त. हा पाव फटका ज्या कोर्सवर एक होतो, तो कोर्स दिल्लीसारखा. ज्या कोर्सवर तो जवळपास शून्य होतो, तिथे लांब मारणाऱ्याला रान मोकळं.

चारही भागांना सारखं वजन देऊ नका. अव्वल खेळाडू बाकीच्यांपेक्षा जे फटके वाचवतात, त्यातले साधारण ४० टक्के अ‍ॅप्रोचमधून येतात, २८ टक्के टीवरून, १७ टक्के शॉर्ट गेममधून आणि पटिंगमधून १५ टक्केच, असं ब्रोडींनीच मांडलंय. टीव्हीवर मात्र दिवसभर पटच दाखवतात, त्यामुळे आपला समज उलटा होतो.

पटिंगचा आणखी एक घोळ म्हणजे तो आकडा आठवड्यागणिक उड्या मारतो. मागच्या रविवारी एखाद्याने पटिंगमध्ये सहा फटके कमावले म्हणून या आठवड्यात त्याला वर चढवू नका. उलट मी तर तेवढं वजा करून बघतो: पटिंग सरासरी धरलं असतं तर हा कितवा आला असता? आणि अ‍ॅप्रोच चांगला असून पटिंगमुळे मागे पडलेला जो दिसतो, त्याच्यावर खूण करतो. स्कॉटी शेफलर २०२३ च्या मोसमात पटिंगच्या यादीत दीडशेच्याही खाली होता, तरी दोन स्पर्धा जिंकला, कारण अ‍ॅप्रोचमध्ये पहिला होता. मार्च २०२४ मध्ये त्याने पटर बदलला आणि त्या वर्षात पीजीए टूरच्या सात स्पर्धा, वर पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण. ज्यांनी आधीच्या वर्षी ‘याला पटच जमत नाही’ म्हणून नाक मुरडलं होतं, त्यांनी पायाच बघितला नव्हता. म्हणून टी शॉट आणि अ‍ॅप्रोचसाठी अलीकडचे काही महिने पुरतात, पटिंगसाठी मात्र दोनेक वर्षांचा आकडा धरा.

‘या कोर्सवर याचा रेकॉर्ड चांगला आहे’ हे वाक्य समालोचकांचं लाडकं. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. चार वर्षांत चार वेळा खेळला म्हणजे फार तर १६ राउंड; त्यातून काय सिद्ध होणार? अमेरिकेतला ऑगस्टाचा कोर्स मात्र अपवाद मानतो. मास्टर्स ही मोठी स्पर्धा दरवर्षी तिथेच होते, रफ नावापुरता, पण ग्रीनचे उतार असे की बॉल कुठे टाकायचा नाही हेच शिकायला काही वर्षं जातात. १९७९ मध्ये फझी झोलर पहिल्याच खेपेत जिंकला. त्यानंतर २०२५ पर्यंत एकाही नवख्याला ते जमलेलं नाही. तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला, मग त्याचे आकडे कितीही झगमगीत असोत, मी एक पायरी खाली ठेवतो.

आता हवा. हे मुंबईकराला समजावायला नको. जुलैत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लबवर बॉल पडतो तिथेच रुततो, पुढे घरंगळत नाही. स्पर्धेच्या आठवड्यात तसा पाऊस झाला की हवेतून लांब नेणाऱ्याचा फायदा होतो, ग्रीन मऊ झाल्याने सगळेच थेट झेंड्यावर मारतात आणि स्कोअर कोसळतात. वाऱ्याचं उलटं. पहिल्या दोन दिवसांत अर्धे खेळाडू गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी खेळतात, उरलेले अर्धे गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी सकाळी. कुलाब्याला दुपारनंतर समुद्रावरून वारा कसा सुटतो ते आठवा, आणि तसा तो दोनपैकी एकाच दुपारी सुटला तर काय होईल ते बघा. वानखेडेवर दव पडणार असेल तर टॉसला जी किंमत येते, तीच इथे टी-टाइमला (खेळाडूची खेळ सुरू करायची वेळ) येते. म्हणून टी-टाइम आणि हवामानाचा अंदाज हाती आल्याशिवाय प्रिव्ह्यू टाकू नका. सोमवारी लिहिलेला प्रिव्ह्यू बुधवारी शिळा होतो.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. लिव्ह या प्रतिस्पर्धी टूरला गेलेले खेळाडू पीजीए टूरच्या तक्त्यात दिसत नाहीत. नुसत्या तक्त्यावरून लिहिणाऱ्याच्या यादीत २०२४ च्या यूएस ओपनआधी ब्रायसन डीशॅम्बोचं नावच आलं नसतं, आणि पाइनहर्स्टच्या कोर्सवर ती जिंकला तोच. अशांसाठी डेटागोल्फसारखी साइट बघा, तिथे वेगवेगळ्या टूरचे खेळाडू एकाच फूटपट्टीने मोजलेले सापडतात.

लिहिताना ‘हाच जिंकणार’ असं लिहू नका. क्रिकेटमध्ये दोन संघ असतात, इथे बहुतेक आठवडे शंभरावर माणसं. शेफलरसारखा माणूससुद्धा त्याच्या सर्वोत्तम वर्षात निम्म्याहून जास्त स्पर्धा हरला. ‘पहिल्या दहात येईल’, ‘कट चुकवेल’ (म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतर बाद होईल) अशा भाषेत बोललात तर ग्रुपवर इज्जत जास्त टिकते. त्याच पाइनहर्स्टला शेवटच्या दिवशी रोरी १६ व्या होलवर आला, तेव्हा त्या मोसमात तीन फुटांच्या आतले ४९६ पैकी ४९६ पट त्याने घातलेले होते. अडीच फुटांचा तो पट चुकला. मग १८ व्यावर पावणेचार फुटांचा आणखी एक चुकला आणि एका फटक्याने स्पर्धा गेली. कुठल्याही मॉडेलने त्या दोन पटांवर पैज लावली नसती. अर्थात मॉडेल त्यामुळे चुकीचं ठरत नाही; रोरी आघाडीच्या झुंजीत असेल हे सांगणं त्याचं काम, ते त्याने केलं असतं.

भारतीय खेळाडूंसाठी हे चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. अनिर्बन लाहिरी पीजीए टूरवर होता तोवर त्याच्यासाठी चालायचं. २०२२ च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये तो एका फटक्याने दुसरा आला, तो आठवडा फटक्यागणिक नोंदलेला आहे. आपल्या पीजीटीआयच्या (भारतातली व्यावसायिक टूर) स्पर्धांत मात्र तेवढ्या बारीक नोंदीची अपेक्षा ठेवू नका. तिथे स्कोअरकार्ड घेऊन बसा: पार-५ वर (पाच फटक्यांत संपवायचं होल) कोण बर्ड्या (पारपेक्षा एक फटका कमी) काढतो, पार-३ वर कोण बोगी (एक जास्त) टाळतो, सलग किती कट पार केलेत. कोर्स माहितीतला असेल तर एवढ्यावर भागतं. आणि शक्य असेल तर एक दिवस प्रत्यक्ष जाऊन एखाद्या अवघड पार-४ च्या ग्रीनमागे तासभर उभे राहा. कुणाचा दुसरा फटका कुठून येतोय आणि झेंड्यापासून किती लांब थांबतोय हे वहीत टिपलंत, तर तेवढ्यापुरता अ‍ॅप्रोचचा तक्ता तुमचा तुम्हीच तयार केलेला असेल.