वंशावळींच्या अभिलेखागारात आधी स्वयंसेवक म्हणून जावं की थेट इंटर्नशिपला अर्ज करावा?

तुम्ही इतिहासाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात, घराण्यांच्या नोंदींची आवड आहे आणि वरच्या दोन्हींपैकी काय करावं असं विचारताय. मी दोन्ही केलंय, त्याच क्रमाने, आणि तुम्हालाही तोच क्रम सुचवेन. आवड बहुतेकांना असते. या कामाला लागणारी बैठक आपल्याला आहे की नाही, हे मात्र तिथे जाऊन बसल्याशिवाय कळत नाही.

तिथे कुणी दिवसभर पूर्वज शोधत नसतं. शोधणारे बाहेरून येतात, त्यांना सापडेल अशी सोय आपण करून ठेवायची. कागद आडनावांप्रमाणे लावलेले असतील असं वाटतं, तेही नाही. ज्या कचेरीत, चर्चमध्ये किंवा कुटुंबात ते तयार झाले त्याच्या नावाखाली आणि मूळच्या क्रमानेच ते ठेवतात. उत्साहाच्या भरात एखादा गठ्ठा तारखेप्रमाणे लावून टाकला, तर कोणतं पत्र कोणत्या दाखल्याला जोडून आलं होतं हा पुरावाच गेला. नवख्यांच्या हातून होणारं सगळ्यात मोठं नुकसान हे असं, टापटिपीपायी होतं.

सुरुवातीला वाट्याला येतात त्या गंजलेल्या पिना. पिन आणि कागद यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवायची, चपट्या पात्याने पिनेची दोन्ही टोकं सरळ करायची, मग कागद उलटून ती वर उचलायची. ओढायची नाही, गंज कागदात मुरलेला असतो आणि पिनेबरोबर तुकडा निघतो. पांढरे हातमोजे सिनेमात छान दिसतात. कागदाला धुतलेले, कोरडे हातच बरे, कारण मोजे घातले की पानाची कड बोटांना कळत नाही. मोजे फोटोंसाठी. आणि लिहायला फक्त पेन्सिल.

त्यानंतरचं मोठं काम इंडेक्सिंगचं. जुनी नोंदवही वाचून नाव, तारीख, नातं तक्त्यात भरत जायचं. दिसतं ते लिहायचं, वाटतं ते नाही. हे ऐकायला सोपं आहे. पण लॅटिनमधल्या चर्च-नोंदींत जेम्सचा ‘जेकोबस’ झालेला असतो आणि तो तसाच उतरवायला हात धजत नाही. तारखांचं तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. इंग्लंडच्या अमेरिकेतल्या वसाहतींतही तेच, म्हणून जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ चा आणि आताच्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२ चा (मधले अकरा दिवस १७५२ मध्येच कॅलेंडर पुढे सरकवल्यामुळे). समजा, फेब्रुवारीतल्या एका बाप्तिस्म्याचं वर्ष तुम्ही मनाने ‘दुरुस्त’ केलंत आणि पुढे तपासणाऱ्यानेही केलं, तर पोर कारण नसताना वर्षभराने लहान झालं.

आता हे सगळं यंत्र वाचेल, मग माणूस कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. अमेरिकेत जनगणनेचे तपशील ७२ वर्षं बंद ठेवतात. १९४० चे तपशील २०१२ मध्ये खुले झाले, तेव्हा त्यांची नावनिशीवार सूची दीड लाखावर स्वयंसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी वाचून केली. १९५० चे तपशील १ एप्रिल २०२२ ला खुले झाले, तेव्हा हस्ताक्षर आधी संगणकाने वाचलं आणि स्वयंसेवकांनी ते तपासलं. काम बदललं, संपलं नाही. उलट तपासायला अक्षराची ओळख जास्तच लागते, कारण यंत्राची चूक छापील अक्षरात समोर येते आणि बरोबर वाटते.

इंटर्न झाल्यावर लोकांच्या चौकशांना उत्तरं देणं आलं, आणि मला खरं शिक्षण तिथेच मिळालं. आजीच्या जन्माची नोंद मागितलेली असते, ती सापडते, आणि वडिलांच्या नावाचा रकाना कोरा असतो. उत्तरात रकाना कोरा आहे एवढंच कळवायचं. का कोरा असावा याचा तर्क आपल्या पत्रात नको. हयात माणसांचे तपशील तर आपल्याला दिसत असले तरी बाहेर द्यायचे नाहीत, समोरचा कितीही जवळचा नातलग म्हणवत असला तरी. नोंद नष्ट झाली असेल, तर नुसतं ‘नाही’ कळवून थांबू नये. जून १९२२ मध्ये डब्लिनचं सार्वजनिक अभिलेखागार आगीत गेलं, तरी शंभर वर्षांनी इतर संग्रहांतल्या नकला जमवून त्याचा बराच भाग डिजिटल रूपात पुन्हा उभा केला गेला. नक्कल कुठे असू शकते हे सुचणं, हा या कामातला निम्मा भाग आहे.

इंटर्नशिप घेताना मार्गदर्शक कोण, विद्यावेतन किंवा क्रेडिट मिळणार का आणि शेवटी तुमच्या हातून काय पूर्ण होणार, हे लेखी घ्या. एखाद्या छोट्या संग्रहाची शोधसूची, म्हणजे त्यात काय काय आणि कुठे आहे ते सांगणारी यादी, तुमच्या नावाने होणार असेल तर उत्तम. सगळे महिने नुसतं स्कॅनिंगच असेल, तर ते स्वयंसेवकाचं काम आहे, फक्त नाव इंटर्नचं.

तोवर घरबसल्या फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर नोंदी तपासायला घ्या. पैसे पडत नाहीत, कुणाची शिफारस लागत नाही. एकाच कारकुनाच्या वाईट अक्षराची पानं ओळीने वाचून बघा. पुढचं पान उघडावंसं वाटलं तर अर्ज करा, आणि त्यात ‘इतिहासाची आवड’ लिहिण्याऐवजी कोणत्या लिप्या, कोणत्या भाषा आणि कोणत्या काळातलं हस्ताक्षर वाचता येतं ते लिहा. अर्ज वाचणारे आधी तेच बघतात.