क्रिएटिनिन ०.९ असताना किडनीच्या एवढ्या तपासण्या कशाला?

तुमचा प्रश्न असा: बाबांना लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी तपासतायत, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) ०.९ म्हणजे नॉर्मल, तरी किडनीच्या आणखी तपासण्या सांगितल्यात. हे बिल वाढवणं तर नाही ना?

संशय आम्हालाही आला होता. मी फोंड्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज क्रिएटिनिन करते. तरी थोरल्या दिरांना याच कामासाठी मुंबईला नेलं तेव्हा त्यांचा ०.८ बघून मीच म्हटलं होतं, "भावजींच्या किडनीची चिंता नको." सपशेल चुकले.

क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि क्रिएटिन नावाच्या ज्या पदार्थापासून ते होतं तो मुख्यतः लिव्हर तयार करतं. सिरॉसिसमध्ये (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार) लिव्हर थकलेलं, स्नायू झडलेले. मुळात तयारच कमी होतं, मग किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी रक्तातला आकडा चढणार कसा? भावजींचं वजन काट्यावर पूर्वीएवढंच होतं, पण ते पोटातल्या पाण्याचं. दंड धरला तर हाताला हाडच लागायचं, घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेलेला.

त्यात कावीळ. अशा पेशंटचा सिरम (रक्त गोठल्यावर वर उरतं ते पाणी) नळीत हळदीच्या पाण्यासारखा दिसतो. जुन्या जॅफे पद्धतीत बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, लुडबुड करतं आणि क्रिएटिनिन आहे त्यापेक्षा कमी येऊ शकतं. एन्झायमॅटिक पद्धतीत हा घोळ बराच कमी. कुठल्या पद्धतीने केलंय ते लॅबला विचारा, विचारायला लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: घरातले जुने रिपोर्ट शोधा. बाबांचं क्रिएटिनिन एरवी ०.६ असेल आणि दोन दिवसांत ०.९ झालं असेल, तर कागदावर ते नॉर्मलच दिसेल, पण सिरॉसिसमध्ये ४८ तासांत ०.३ ची वाढ ही किडनीला अचानक झालेली इजा धरतात. भावजींच्या बाबतीत जुनी फाईल कपाटावर पडून होती, कुणी उघडलीच नव्हती. शिवाय गुडघेदुखीसाठी ते दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅक आणून घेत होते. असल्या गोळ्या सिरॉसिसमध्ये किडनीचा घात करतात. त्या आधी बंद झाल्या, लघवीच्या गोळ्याही डॉक्टरांनी थांबवल्या, सलाइनमधून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) दिलं आणि मग पुन्हा मोजणी.

मोजायचं कशाने? सिस्टॅटिन सी हे रक्तातलं प्रथिनही किडनीच गाळते, पण ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं, म्हणून ते मागवतात. मात्र स्टिरॉइड चालू असेल किंवा थायरॉइड बिघडलेला असेल तर तेही हलतं. आमच्याकडे त्यावरून जीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते तो आकडा) ४२ निघाला, म्हणजे बराच कमी. ०.८ वाल्या माणसाचा! डीटीपीए स्कॅन (शिरेत किरणोत्सर्गी औषध टोचून किडनीचं गाळणं मोजतात तो) जास्त थेट, पण पोटात पाणी असेल तर त्याचाही आकडा फुगू शकतो. चोवीस तासांची लघवी गोळा करायची तर सकाळची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. आमची गोळाबेरीज चवथीत चालली होती. पाहुणे आले म्हणून जाऊबाईंनी कॅन मोरीत रिकामा केला. नमुना गेला तो गेलाच.

एवढा खटाटोप का, तर ट्रान्सप्लांटनंतर शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध घ्यावं लागतं आणि तेही किडनीला जड जातं. किडनी किती शिल्लक आहे त्यावर औषधांचा बेत ठरतो, आणि फारच खालावली असेल तर लिव्हरबरोबर किडनीही बसवायची का, हेही. सोनोग्राफीत किडनी आकसलेली दिसते का, लघवीतून प्रथिनं जातात का, हे त्यासाठीच बघतात: बिघाड जुना आहे की लिव्हरमुळे आलेला. लिव्हरमुळे आलेला असेल तर नव्या लिव्हरनंतर किडनी बऱ्याचदा सावरते.

राहिलं ते तपासणी कुठे करायची. सिस्टॅटिन सी छोट्या लॅबमध्ये सहसा होत नाही, रक्त बाहेर पाठवावं लागतं. ट्रान्सप्लांटच्या हॉस्पिटलला निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा तिथल्याच लॅबमध्ये करा. पुढची प्रत्येक मोजणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने झाली तरच आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात.