उन्हाळ्यात गाडीची बॅटरी बसली. पाणी टाकून चालेल की नवी घ्यावी?

लगेच नवी घेऊ नका. आधी पूर्ण चार्ज करून, दोन-तीन तास तशीच ठेवून व्होल्टेज मोजा. 12.6 च्या आसपास दिसलं आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेलं नाही, तर बॅटरी चांगली आहे. मग टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवा आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) तपासा: इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. वर्धा तालुक्यात जीप-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून देतो, त्यावरून सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. त्या उष्णतेत आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. पाणी फक्त डिस्टिल्डच टाका. बोअरच्या पाण्यातले क्षार बॅटरी खराब करतात, आणि ॲसिड तर वरून कधीच नको (गावात हा प्रकार फार चालतो). मात्र सीलबंद बॅटरीत पाणी टाकता येत नाही. चार्ज धरत नसेल तर ती बदलावीच लागते. बॅटरी काढताना निगेटिव्ह (−) वायर आधी सोडवा, लावताना ती शेवटी जोडा. जुनी दुकानदाराला परत द्या, नवीच्या किमतीत सूट मिळते.