इंजिन उतरवायला हो म्हणण्याआधी

मेकॅनिक ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हणाला की लगेच मान डोलवू नका. आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी, करून घ्या. ऑइलचं झाकण उघडून आतून दुधाळ थर दिसतो का, तेही स्वतः बघा. गाडी जवळच्या जवळच फिरत असेल तर तो नुसत्या ओलाव्यानेही धरतो. पण सोबत कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलवर, संशय घ्या. दुसऱ्या गॅरेजचं लेखी एस्टिमेट हवंच. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन ही झिजणारीच कामं, त्यापायी चांगली गाडी विकू नका. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, गंजून पोखरली असेल तर मात्र एक पैसाही घालू नका. आजवर किती ओतले ते सोडा. वर्षभरात आणखी काय निघेल, ते विचारा.