नान्नजची हरणं बायकांना भीत नाहीत, मग मलाच बघून का पळाली?

तुमचा प्रश्न असा, की सोलापूरजवळच्या नान्नजला ज्वारी काढणाऱ्या बायकांजवळ हरणं निवांत चरत होती आणि तुम्ही गाडीतून उतरताच अख्खा कळप उधळला; माणसामाणसांतला फरक त्यांना कळतो का? कळतो. बार्शी रोडच्या आम्हा लोकांना त्याचं नवल नाही. (माळढोक पक्षी बघायला आला असाल, तर तो आता दिसला तर नशीब.)

हलणारं काही दिसलं की खबर मेंदूतल्या अमिग्डालाकडे जाते. कानशिलाच्या आत, खोलवर असलेला हा बदामाएवढा भाग. तिथून हायपोथॅलॅमसला, म्हणजे शरीराला सज्ज करणाऱ्या मेंदूच्या भागाला, निरोप जातो, अ‍ॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात. मान वर करून थिजणं, मग उड्या मारत पळणं, हे सगळं इथून सुरू होतं.

पण ऊठसूट पळालं तर चरायचं कधी? रोज दिसणारी, खाली वाकलेली, आपल्याकडे ढुंकूनही न बघणारी माणसं काही करत नाहीत हे अनुभवाने कळलं, की कपाळामागचा मेंदू अमिग्डालाला आवरतो. तुम्ही मात्र नजर रोखून सरळ त्यांच्याकडे निघालात. शिकारी असाच येतो, आणि त्या माळावर लांडगे आहेत.

शिवाय सोबत असली की भीती मुळातच कमी होते. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटने मेंढ्यांना एकेकटं कोंडून दुसऱ्या मेंढीच्या चेहऱ्याचा नुसता फोटो दाखवला, तरी त्यांचे ठोके उतरले, ओरडणं कमी झालं, रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही घटलं. हा अभ्यास २००४ साली छापून आला. शेजारी मेंढी नाही, फक्त फोटो! आपल्याकडच्या कुठल्याही धनगराने मान डोलावली असती म्हणा.

याची उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. शिकागोत १९३७ च्या सुमारास क्लूव्हर आणि ब्यूसी या संशोधकांनी माकडांच्या मेंदूचा कानशिलाकडचा भाग काढला, तर ती बिनधास्त साप हाताळू लागली. पुढे २००१ मध्ये फक्त अमिग्डाला निकामी केलेल्या माकडांवरचं काम आलं: ती अनोळखी माकडांशीही लगेच सलगी करायची, आधी अंदाज घेणं नाहीच. म्हणजे वैऱ्यापासून सावध राहणं आणि परक्याशी जपून वागणं, दोन्हीला हाच भाग लागतो. त्याला नुसतं 'भीतीचं केंद्र' म्हणणं मला तरी अपुरं वाटतं.

पुढच्या वेळी गाडीतच बसून बघा. गाडी त्यांच्या सवयीची असते, दार उघडून उतरणारा माणूस नसतो.