ठाण्याहून मुलांना घेऊन एका दिवसात मुंबईची दोन्ही म्युझियम बघून होतील का?

होतील. आमच्या भाऊजींनी करून दाखवलंच असतं, पण त्या दिवशी नेमका बुधवार होता.

तुमचा बेत असा आहे: नऊ आणि तेरा वर्षांची मुलं, ठाण्याहून गाडी, सकाळी काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दुपारी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड आणि वेळ उरला तर राणीबागेतले पेंग्विन. जेवण कुठे करावं हेही विचारलंय. वाचताना मला वाटलं, भाऊजींनीच नाव बदलून प्रश्न टाकलाय की काय. आमच्या घरात तंतोतंत हाच बेत एका मे महिन्यात ठरला होता.

ताई, भाऊजी आणि दोन्ही भाचरं सुट्टीला ठाण्याला आली होती. भाऊजी कोथरूडचे. म्युझियम म्हणजे राजा केळकर, बाकी सगळी गोदामं, असं त्यांचं मत. केळकर संग्रहालयाबद्दल मला आदरच आहे. गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी एका माणसाने दिवे, अडकित्ते, दौती गोळा करत जन्म घालवला आणि सगळं सरकारला देऊन टाकलं. पण म्हणून मुंबईच्या नावाने नाक कशाला मुरडायचं?

माझा बेत साधा होता. शनिवार, फास्ट लोकल, भायखळा, एकच म्युझियम. भाऊजी म्हणाले, "दारात गाडी असताना लोकलमध्ये घामाघूम होऊन दगड बघायला कोण जातं? आणि शनिवारी गर्दी. मधल्या वारी जाऊ." मी म्हटलं, बुधवारी भायखळ्याचं म्युझियम बंद असतं आणि राणीबागही. त्यावर, "म्युझियम सोमवारी बंद असतात हो, शाळेतल्या पोराला विचारा." ताईने माझ्याकडे बघून मान हलवली. मी गप्प बसलो.

तीन हात नाक्यावरून निघालो ते फ्री वे उतरेपर्यंत भाऊजी खुशीत होते. पुढे काळा घोड्याला पार्किंग शोधण्यात जो वेळ गेला, तेवढ्यात लोकलने आलेला माणूस सीएसएमटीवरून चालत येऊन तिकीट काढून आत गेला असता. आत पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते आणि भाऊजींच्या हिशेबाने दीड वाजता बाहेर पडायचं होतं. तळमजल्यावरची शिल्पं, वर लघुचित्रं, त्याच्यावर चिनी-जपानी वस्तू, मग शस्त्रं. भाऊजी पुढे, मोबाइल वर धरून. "फोटो काढून ठेव, घरी नीट बघू." काचेवर ट्यूबलाइट चमकलेले ते फोटो आजतागायत कोणी उघडलेले नाहीत.

भाचा एका ठिकाणी अडला. निमरूदच्या राजवाड्यातल्या असिरियन शिळा आहेत ना, कुरळ्या दाढ्यांच्या माणसांच्या, तिथे. इराकमधले दगड मुंबईत कसे आले, हा त्याचा प्रश्न. नऊ-दहा वर्षांच्या पोराने विचारलेला इतका चांगला प्रश्न, आणि उत्तर काय मिळालं? "आणले असतील इंग्रजांनी, चल." जिन्यात मी त्याला हळूच सांगितलं की ही इमारत १९१४ साली बांधून झाली, पण तोवर पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इथे सैनिकांचं हॉस्पिटल उघडलं, म्हणून म्युझियम सुरू व्हायला १९२२ उजाडलं. मग तो प्रत्येक दालनात खाटा कुठे असतील ते बघत चालला. वर घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय हे सांगायचं राहून गेलं, कारण खालून हाक आली.

भायखळ्याला गेट बंद. भाची पेंग्विनसाठी रडायला लागली. भाऊजी वॉचमनला म्हणाले, "अहो, आम्ही पुण्याहून आलोय." वॉचमन म्हणाला, "साहेब, पुण्याला पण आज बुधवारच असेल ना?"

तेव्हापासून कुठल्याही मुंजीत, बारशात विषय निघाला की भाऊजींचं ठरलेलं वाक्य: "मुंबईची म्युझियम? बंद असतात. आम्ही जाऊन आलोय."

दिवाळीत भाचा एकटा राहायला आला, तेव्हा त्याला लोकलने नेलं. भायखळ्याला पूर्वेला उतरायचं, दहा मिनिटं चालायचं. आत शिरायच्या आधीच तास गेला, कारण आवारात तो दगडी हत्ती आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं ते ह्याच हत्तीवरून. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीबागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. हे ऐकल्यावर भाचा जोड शोधत हत्तीभोवती फिरत बसला. मी बाकावर. घाई कसली? काळा घोडा चौकातला मूळ घोडाही, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट, १९६५ साली तिथून हलवून इथेच आणलाय. काळा घोड्याला आज दिसतो तो बिनस्वाराचा घोडा २०१७ चा. हे कळल्यावर त्याने तिथूनच ताईला फोन लावला, बाबांना सांग म्हणून.

आत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईतले नाना जातीधंद्यांचे लोक, आपापल्या पगड्या-पागोट्यांत. सात बेटांचे नकाशे आहेत. छताकडे आणि सोनेरी खांबांकडे बघायला विसरू नका, २००८ मध्ये दुरुस्तीनंतर उघडल्यापासून ते झळाळतात. हे मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम, १८७२ चं. मूळ संग्रह त्याच्याही आधीचा, फोर्टातल्या बराकीत ठेवलेला. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली आणि वस्तू रस्त्यावर आल्या. पुढे इमारतीसाठी वर्गणी जमवणाऱ्यांत नाना शंकरशेट होते, भाऊ दाजी होते. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, महारोगावर औषध शोधणारे, आणि अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे. १९७५ पासून म्युझियमला त्यांचं नाव आहे. मुलांना नाव पाठ करायला लावू नका, माणूस सांगा.

भाऊजींचं दुसरं म्हणणं, ठाण्याला कसला आलाय इतिहास, तलाव आणि ट्रॅफिक. तेही इथेच मिटवतो. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आताच्या जेलच्या जागी, खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, इ. स. १०१७ चा. निघण्यापूर्वी मुलांना जेलची ती भिंत दाखवा, म्हणजे म्युझियममध्ये ताम्रपट दिसला की ती थांबतील. (भाऊजी यावर पुण्याचा उल्लेख असलेला राष्ट्रकूटांचा आठव्या शतकातला ताम्रपट काढतात. तो मुद्दा मी ऐकून घेतो.)

तर एका दिवसात एकच. पहिल्यांदा जाताय तर भायखळा, कारण ते लहान आहे आणि मुलं वैतागायच्या आत संपतं. काळा घोड्याचं पुढच्या खेपेला, तेही अख्खं नाही. मुलांना घरीच दोन दालनं निवडायला लावा. तेरा वर्षांच्याला शस्त्रं आवडतील, अकबराचं चिलखत आणि ढाल तिथे आहे. म्युझियमच्या वेळा साधारण दहा ते सहा, पण निघण्याआधी बघून घ्या, दुरुस्तीसाठी दालनं बंद ठेवतात. रविवार टाळा, मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. मुलांना गर्दीचा फारच त्रास होत असेल तर गाडी न्या, माझी हरकत नाही. पेंग्विनसाठी मुलं हट्ट करणारच. आधी म्युझियम, मग पेंग्विन, उलट केलंत तर म्युझियम विसरा.

जेवणाचं म्हणाल तर सकाळी मामलेदारची मिसळ खाऊन निघा. मुलांना तिखट झेपत नसेल तर त्यांना घरूनच पोळीभाजी खाऊ घाला, तीन-साडेतीनला परत ठाण्यात असाल. आजी-आजोबा बरोबर येणार असतील तर तसं लिहा, मग जिन्यांचा विचार करून वेगळं सांगावं लागेल.