खण उलटा करून पाहा : फर्निचर-अभ्यासकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळची बहुतेक पत्रे प्रबंध लिहिणाऱ्यांची आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : चार खणांचे एक जुने लाकडी कपाट अभ्यासासाठी मिळाले आहे. कागदपत्र काहीच नाही. नुसत्या घडणीवरून काळ ठरवता येईल का? सुरुवात कुठून करू?

मागच्या बाजूने करा. दर्शनी भागावर पुन्हा पॉलिश चढते, मुठी बदलतात, कोरीवकामसुद्धा मागाहून होते. खणाचा तळ, कपाटाची मागची फळी, आतले आडवे दांडे इथे कुणी सहसा हात लावत नाही. सगळे खण बाहेर काढून उलटे ठेवा. टॉर्च फळीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे हत्यारांच्या खुणा सावलीमुळे उठून दिसतात.

आधी करवतीच्या खुणा पाहा. हाताने ओढलेल्या करवतीच्या रेघा साधारण सरळ असतात, पण त्यांच्यातले अंतर आणि तिरकेपणा सारखा नसतो. कमानीसारख्या वळलेल्या रेघा म्हणजे गोल पात्याची करवत. त्या १८३० च्या सुमारापासून वाढत्या प्रमाणात दिसू लागतात. सरळ, दाट आणि एकसारख्या अंतराच्या रेघा पट्टा-करवतीच्या असू शकतात आणि तिचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मात्र पाण्याच्या बळावर वरखाली चालणाऱ्या जुन्या गिरणीतल्या करवतीनेही सरळ, समान रेघा पडत. त्यामुळे एवढ्या एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका.

मग खणाचा कोपरा. हाताने कापलेल्या डव्हटेल सांध्यात (पंख्यासारखे रुंदावणारे दात एकमेकांत अडकवून केलेला कोपऱ्याचा जोड) दातांची रुंदी कमीजास्त असते आणि मुळाशी आखणीची बारीक रेघ राहिलेली असते. यंत्राचे दात एका मापाचे. अर्धचंद्र आणि त्याच्या मधोमध गोल खुंटी असा सांधा दिसला, तर काम बरेच सोपे होते. त्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत १८६७ साली निघाले आणि १९०० च्या सुमारास तो सांधा मागे पडला. इतक्या अरुंद कालखंडाची खूण फर्निचरमध्ये क्वचितच मिळते.

एक स्क्रू सोडवता आला तर जरूर सोडवा. टोक बोथट, आटे विषम आणि डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली असेल, तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा असण्याची शक्यता मोठी. टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू त्यानंतर रूढ झाले, आणि डोक्यावर अधिकचे चिन्ह असलेले १९३० च्या दशकात आले. खिळ्यांचेही तसेच आहे. घडीव खिळा चारही बाजूंनी निमुळता असतो, पत्र्यातून कापलेला दोनच बाजूंनी, आणि तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्वत्र दिसतो.

आता खरी अडचण. जोडकामातला सर्वांत नवा मूळ भाग ‘याच्या आधी नाही’ एवढेच सांगतो, आणि तो भाग मूळचा आहे की दुरुस्तीतला, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. तारेच्या खिळ्याशेजारी रिकामे चौकोनी भोक असेल, तर खिळा बदललेला आहे. खणाच्या दर्शनी फळीची आतली बाजू पाहा. वापरातल्या दोन भोकांखेरीज बुजवलेली आणखी दोन सापडली, तर मुठी बदलल्या आहेत. आता ही जादा भोके बाहेरून, व्हिनिअरमध्येही (फळीवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थरातही) दिसतात का ते बघा. आत आहेत आणि बाहेर नाहीत, असे असेल तर व्हिनिअर नंतर चढवले आहे किंवा फळीच दुसऱ्या वस्तूतून आली आहे. बाजारात दोन अर्धवट वस्तू जोडून केलेली ‘जुनी’ कपाटे पुष्कळ असतात. वरच्या आणि खालच्या भागांतल्या खणांचे डव्हटेल, मागच्या फळ्यांचे लाकूड आणि खण सरकण्याच्या जागेवरची झीज एकमेकांशी जुळत नसेल, तर तिथे थांबा आणि दोन्ही भागांची नोंद वेगवेगळी करा.

गोल टेबल जुने असेल तर ते लंबगोल होते, ही कसोटीही पत्रांत पुन्हा पुन्हा आली आहे. ती अर्धीच खरी आहे. लाकूड रेषेच्या (म्हणजे तंतूंच्या) लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवे आटते. महोगनी ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ४.१ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने ३ टक्के आटते. घडवताना १२ टक्के असलेला ओलावा पुढे ८ टक्क्यांवर आला, तर ९० सेंटिमीटर व्यासाच्या फळीत आडव्या दिशेने साधारण ४ ते ५ मिलिमीटर फरक पडेल. पण हा फरक ओलाव्याचा आहे, वयाचा नाही. नवे टेबल कोरड्या, तापवलेल्या खोलीत नेले तर काही हिवाळ्यांत तेही इतके आटेल. उलट एखादे टेबल अगदी काटेकोर गोल निघाले, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

प्रश्न : कार्बन-१४ चाचणी करून वाद मिटवता येणार नाही का?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या वस्तूसाठी बहुधा नाही. साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बनचा आलेख असा वरखाली होतो की एकाच मापनाला दोन-तीन शतकांत पसरलेल्या तारखा बसतात. अणुचाचण्यांमुळे १९५५ नंतरच्या लाकडात मात्र जादा कार्बन-१४ आढळतो, म्हणून ताजी बनावट पकडायला चाचणी उपयोगी पडते. शिवाय ती त्या वलयाची वाढ कधी झाली ते सांगते. सुतारकाम कधी झाले, हा वेगळा प्रश्न.

ओकसारख्या लाकडात वलयमापन, म्हणजे वर्षवलये मोजून काळ ठरवणे, जास्त नेमके ठरते. त्यासाठी फळीच्या आडव्या छेदावर किमान ५० वलये हवीत, ८० ते १०० असली तर उत्तम, आणि त्या जातीची, त्या प्रदेशाची संदर्भमालिका (वर्षे ठाऊक असलेल्या वलयांची मालिका) आधी तयार असायला हवी. फळीच्या कडेचे मोठ्या क्षमतेचे छायाचित्र मिळाले तर नमुना कापावा लागत नाही. सालीलगतचे फिके लाकूड सुताराने तासून टाकले असेल, तर शेवटच्या मोजलेल्या वलयानंतर झाड किती वर्षे उभे होते याचा अंदाज जोडावा लागतो. तो अंदाज अहवालात वेगळा लिहा. मोजलेल्या आकड्यात मिसळू नका.

प्रश्न : वस्तूवर कारागिराचा ठसा आहे. तेवढ्यावर कर्ता निश्चित मानावा का?

ठसा ज्या नियमाखाली उमटला तो नियम आधी वाचा. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुतारसंघाच्या उस्तादांना आपल्या नावाचा ठसा मारणे बंधनकारक होते, आणि १७९१ मध्ये संघच बरखास्त झाले. पण त्याच काळात दुसऱ्याच्या वस्तूची दुरुस्ती करणारा किंवा ती विकणारा उस्तादही आपला ठसा मारत असे. एकाच खुर्चीवर दोन नावे सापडतात ती यामुळे.

नावाचा दुसरा सापळा म्हणजे शैली. टॉमस चिपेंडेल या इंग्रज सुताराने १७५४ मध्ये नमुन्यांचे पुस्तक छापले आणि ते विकत घेणाऱ्या कुठल्याही सुताराला तशी खुर्ची करण्याची मोकळीक मिळाली. चित्राशी साम्य दिसले म्हणजे कर्ता सापडला, असे होत नाही. बिल, पत्रव्यवहार किंवा घराच्या हिशेबवहीतली नोंद हवी, आणि त्या नोंदीतले वर्णन समोरच्या वस्तूला माप-लाकडासकट लागू पडायला हवे.

प्रश्न : लाकडी फर्निचरच्या जागतिक व्यापारावर काम करत आहे. सीमाशुल्कासाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय सांकेतांक-यादीतल्या ९४०१ आणि ९४०३ या शीर्षकांचे आकडे घेतले, पण मार्गदर्शक म्हणतात की बेरीज फुगली आहे. चूक कुठे?

९४०१ मध्ये. हे शीर्षक सर्व प्रकारच्या आसनांचे आहे आणि त्यात मोटारींची आसने (९४०१.२०) व विमानांची आसने (९४०१.१०) येतात. मोटार-उद्योग मोठा असलेल्या देशात हा हिस्सा इतका असतो की खुर्च्या-सोफ्यांचा व्यापार त्याखाली दिसेनासा होतो. लाकडी चौकटीच्या आसनांसाठी ९४०१.६१ (गादी असलेली) आणि ९४०१.६९ घ्या. इतर लाकडी फर्निचरसाठी ९४०३.३० (कार्यालय), ९४०३.४० (स्वयंपाकघर), ९४०३.५० (शयनगृह) आणि ९४०३.६० (बाकीचे). बांबू आणि वेत यांचे सांकेतांक वेगळे आहेत, आणि २०१७ पासून ते दोन्ही एकमेकांपासूनही वेगळे झाले. गाद्या ९४०४ मध्ये जातात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू फर्निचर राहतच नाही, ती ९७०६ म्हणजे पुरावस्तूंत मोजली जाते. जुन्या वस्तूंच्या व्यापारावर लिहिणारे हे हमखास विसरतात.

या सांकेतांक-यादीची २०२२ ची आवृत्ती कालमालिकेला तोडते. तोवर आसनांचे सुटे भाग ९४०१.९० मध्ये आणि इतर फर्निचरचे ९४०३.९० मध्ये, लाकूड-धातू-प्लास्टिक सगळे एकत्र होते. २०२२ पासून लाकडी भाग ९४०१.९१ आणि ९४०३.९१ असे सुटे झाले. फिरत्या खुर्च्यांतही लाकडी आणि इतर अशी फोड झाली. जुनी वर्षे नव्या सांकेतांकांत बसवायची असतील, तर फोडीचे प्रमाण तुम्हालाच गृहीत धरावे लागेल. ते गृहीतक उघड मांडा, किंवा सुटे भाग दोन्ही काळांतून वगळा. आमचे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते.

न जोडता, सपाट खोक्यात एकत्र आलेले पूर्ण टेबल हे वर्गीकरणाच्या सामान्य नियमानुसार टेबलच धरले जाते. पाय एका खेपेत आणि फळी दुसऱ्या खेपेत आली, की ते सुटे भाग होतात. म्हणून ‘नगसंख्या’ या रकान्यावर भरवसा ठेवू नका, वजन घ्या. प्रतिकिलो मूल्य हा तुलनेचा बरा आधार आहे, जरी काच किंवा दगडाच्या फळ्या आल्या की तोही कलतो.

एका देशाची निर्यात आणि समोरच्याची आयात जुळत नाही, अशीही तक्रार आहे. ती जुळणार नाहीच. निर्यात सहसा जहाजावर चढेपर्यंतच्या मूल्याने नोंदली जाते, तर आयातीत वाहतूक आणि विमा धरलेला असतो. फर्निचर जागा फार व्यापते, त्यामुळे मूल्याच्या मानाने वाहतुकीचा खर्च इथे इतर मालापेक्षा जड पडतो. त्यात मधल्या बंदरातून पुढे पाठवलेला माल आला की फरक आणखी वाढतो.

शेवटी, हे आकडे उत्पादनाच्या आकड्यांनी भागताना सावध राहा. उद्योगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत फर्निचर हा विभाग ३१ आहे आणि मोटारींची आसने त्यात नाहीत, ती २९३० मध्ये आहेत. तिसऱ्या आवृत्तीत तर फर्निचर विभाग ३६ मध्ये दागिने, वाद्ये आणि खेळणी यांच्यासोबत होते. त्या काळासाठी दोन अंकी विभाग घेऊन ‘फर्निचर-उद्योग’ असे लिहिलेले प्रबंध आजही वाचायला मिळतात.

प्रश्न : थोनेत या फर्निचर-कंपनीची वाकवलेल्या लाकडाची १४ क्रमांकाची खुर्ची प्रत्येक पुस्तकात असते. तिच्यात नवे नेमके काय होते, वाकवण्याचे तंत्र की विक्रीची पद्धत?

दोन्ही, पण तंत्राशिवाय पद्धत शक्य नव्हती. समजा, ३० मिलिमीटर जाडीचा बीचचा (युरोपातल्या एका झाडाच्या लाकडाचा) दांडा आतून २०० मिलिमीटर त्रिज्येत वळवायचा आहे. नुसता वाकवला तर बाहेरची कड सुमारे ७ टक्के ताणली जाईल. लाकूड वाफवले तरी ते १-२ टक्क्यांपलीकडे ताण सोसत नाही, फाटते. मात्र वाफवलेले बीच २५-३० टक्क्यांपर्यंत दाबले जाऊ शकते. मिखाएल थोनेतने दांड्याच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी लावून दोन्ही टोके तिच्यात अडकवली. पट्टी ताण घेते, बाहेरची कड लांबत नाही आणि सगळा बदल आतल्या कडेच्या दाबात जातो. वरच्या उदाहरणात तो साधारण १३ टक्के येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. आजही हे काम फसते ते दोन कारणांनी : दांड्यातली रेषा तिरकी असते, किंवा टोकाची अटक सैल राहते आणि बाहेरची कड सरकायला मोकळी होते.

१८५९ च्या या खुर्चीत सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट होते. सरसाच्या सांध्यांऐवजी स्क्रू असल्यामुळे ती सुटी पाठवता आली आणि एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या मावल्या. कारखाना बीचच्या जंगलाजवळ, मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कोरिचानी इथे होता. १८६९ मध्ये थोनेतचा एकाधिकार संपला आणि इतर कंपन्यांनी जवळजवळ तशाच खुर्च्या काढल्या. त्यामुळे बैठकीच्या चौकटीची आतली बाजू पाहून ठसा किंवा चिठ्ठी मिळाल्याखेरीज संग्रहाच्या यादीत ‘थोनेत’ असे लिहू नका. ‘वाकवलेल्या बीचची खुर्ची, थोनेत पद्धत’ एवढे पुरे.

प्रश्न : कुसू-खाचेचा सांधा (एका तुकड्याचे तासलेले टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला) आणि गोल खुंट्यांचा सांधा यांची ताकद प्रयोगशाळेत ताडायची आहे. नमुने किती घ्यावेत?

फरक किती लहान पकडायचा त्यावर ते ठरते. अशा सांध्यांत नमुन्यानमुन्यांतली तफावत १५ टक्के धरली आणि दोन गटांच्या सरासरीतला १० टक्के फरक ८० टक्के खात्रीने दिसायला हवा असेल, तर गटागणिक सुमारे ३५ नमुने लागतात. दहा-दहा नमुन्यांत २० टक्क्यांचा फरकही निसटू शकतो. ‘फरक आढळला नाही’ हे निष्कर्ष बऱ्याचदा नमुने अपुरे असल्याचे असतात.

सगळे तुकडे एकाच फळीतून कापू नका, नाहीतर सांध्याऐवजी त्या फळीची चाचणी होईल. प्रत्येक फळीतून दोन्ही प्रकारचे नमुने काढा. २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, म्हणजे ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास येतो. कुसू आणि खाच यांच्यातली फट प्रत्येक नमुन्यात मोजून लिहा. तुटल्यावर नुसता भार नोंदवू नका, काय तुटले तेही लिहा : सरसाचा थर सुटला, कुसू मोडले की खाचेची भिंत फाटली. खुर्ची वापरात एका जोरदार भाराने सहसा मोडत नाही, मागे रेलण्याच्या हजारो लहान भारांनी सांधा सैल होत जातो. म्हणून निम्मे नमुने पुनःपुन्हा भार देऊन, टप्प्याटप्प्याने तो वाढवत तपासा. दोन्ही चाचण्यांत सांध्यांचा क्रम उलटा लागला, तर प्रबंधात आधी त्याचीच चर्चा करा.